जखमांवरील संशोधन: प्रबंधाचा विषय कसा ठरवावा आणि शोधनिबंध कुठे पाठवावा?

निवासी_नागपूर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस. जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पाठवण्याची मुदत जवळ आली आहे आणि विषय जखमांच्या उपचारातलाच घ्यायचा, एवढे माझे पक्के आहे. आमच्या युनिटमध्ये मधुमेहामुळे पायाला व्रण झालेले, भाजलेले, सर्पदंशानंतर कातडी सडलेले आणि अंथरुणाला खिळून बेडसोअर झालेले रुग्ण रोजच असतात. अधूनमधून चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असेही रुग्ण येतात, ज्यांचा कुष्ठरोग औषधांनी कधीच बरा झाला आहे, पण तळपायाचा व्रण वर्षानुवर्षे भरलेला नाही.

पबमेड या वैद्यकीय लेखसूचीत शोध घेतला की गेल्या काही वर्षांतले बहुतेक लेखन नॅनोफायबर, एक्सोसोम, स्टेम सेल, सेन्सर बसवलेली ड्रेसिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरच दिसते. त्यातले आमच्या वॉर्डात काहीच उपलब्ध नाही. माझ्या गाइड सरांनी ‘व्हॅक ड्रेसिंग (जखमेवर ऋण दाब देऊन स्राव ओढून घेणारे) आणि साधे ड्रेसिंग यांची तुलना’ हा विषय सुचवला आहे, परंतु ग्रंथालयात याच विषयावरचे जुने प्रबंध पाहिल्यावर मी त्यात नवीन काय भर घालणार, असा प्रश्न पडला. तीन वर्षे कष्ट करून लिहिलेले कपाटात पडून राहू नये, छापून यावे आणि कुणाच्या तरी उपयोगी पडावे, अशी मनापासून इच्छा आहे. त्यातच एका नियतकालिकाचा ईमेल आला आहे. चार दिवसांत स्वीकृती देऊ, शुल्क भरा, असे त्यात म्हटले आहे. अनुभवी मंडळींनी विषयाबद्दल आणि प्रकाशनाबद्दल मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शल्यचिकित्सक_धंतोली यांचे उत्तर:

तुमच्या प्रश्नातली तळमळ पाहून सविस्तर लिहितो.

या क्षेत्रातल्या संशोधनाची दिशा समजून घ्यायची असेल तर फक्त गेल्या पाच वर्षांचे लेखन पाहून चालणार नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी ‘नेचर’मध्ये डुकरांच्या कातडीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर ठेवल्या तर उघड्या ठेवून खपली धरलेल्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने त्यांवर नवी त्वचा येते, हे त्यांनी दाखवले. आज बाजारात मिळणारी फोम, हायड्रोकोलॉइड, अल्जिनेट ही सगळी ड्रेसिंग त्याच निरीक्षणावर उभी आहेत. तरीही साठ वर्षांनंतर आपल्या ओपीडीत ‘जखमेला हवा लागू द्या, सुकू द्या’ असे सांगणारे डॉक्टर भेटतातच. ज्ञान छापले गेले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही आणि पोहोचवण्यातल्या अडचणींचा अभ्यास हेही संशोधनच आहे.

आता व्हॅककडे वळतो. अर्जेंटा आणि मॉरिकवास यांनी १९९७ साली ३०० जखमांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिल्याचे नोंदवले. पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतक्या ऋण दाबाची प्रथा तिथूनच रूढ झाली. त्या मालिकेत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे तुलनात्मक चाचण्या झाल्या, पण त्यांतल्या बऱ्याच छोट्या होत्या आणि ‘साधे ड्रेसिंग’ म्हणजे नेमके काय, याचा त्यांत मेळ नव्हता. कुठे सलाइनमध्ये भिजवलेला गॉज, कुठे पोव्हिडोन आयोडीन, तर कुठे जे हाताशी असेल ते. डायबेटिक फूटच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा निष्कर्ष तुमच्या विषयाशी थेट संबंधित आहे. शस्त्रक्रियेनंतर पायावर राहिलेल्या जखमेसाठी ऋण दाबाचा विचार करावा, पण शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या मधुमेही व्रणासाठी तो वापरू नये, असे त्या सांगतात. म्हणून दोन्ही प्रकारच्या जखमा एकाच गटात टाकून केलेला आणखी एक प्रबंध कुणाच्याही ज्ञानात भर घालणार नाही.

माझे स्पष्ट मत सांगतो. एक्सोसोम आणि नॅनोफायबर हे प्रयोगशाळेचे विषय आहेत आणि ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांनी ते करावेत. तुमच्याकडे जे आहे ते युरोप-अमेरिकेतल्या केंद्रांकडे नाही: उशिरा येणारे, अनवाणी चालणारे, शेतात राबणारे असंख्य रुग्ण. पाश्चात्त्य देशांतल्या मधुमेही व्रणांत स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू अधिक आढळतात, तर भारतातून येणाऱ्या अहवालांत स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, ई. कोलाय हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू वारंवार पुढे असतात. त्यामुळे तिकडे सिद्ध झालेली एखादी गोष्ट आपल्या रुग्णांत तशीच लागू पडते का, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्या वॉर्डातच सोडवता येतो.

एक उदाहरण देतो. शीहान आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘डायबेटिस केअर’मध्ये दाखवले की पहिल्या चार आठवड्यांत मधुमेही व्रणाचे क्षेत्रफळ किती घटते, यावरून बारा आठवड्यांत तो भरेल की नाही याचा चांगला अंदाज बांधता येतो. ज्यांची घट मध्यकापेक्षा, म्हणजे साधारण ५३ टक्क्यांपेक्षा, जास्त होती त्यांच्यापैकी ५८ टक्के रुग्णांचे व्रण बाराव्या आठवड्यापर्यंत भरले, उरलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांचे. चार आठवड्यांत व्रण निम्मा झाला नाही तर उपचाराचा फेरविचार करा, हा आज जगभर पाळला जाणारा नियम या व अशा अभ्यासांवरून आला आहे. मात्र त्या रुग्णांना पायावरचा भार कमी करणारी साधने आणि नियमित डिब्राइडमेंट (जखमेतील मृत भाग काढणे) मिळत होते. आपला रुग्ण बसस्टँडपासून वॉर्डापर्यंत त्याच पायावर चालत येतो. त्याच्या बाबतीत चार आठवड्यांचा नियम टिकतो की नाही, हे पाहायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. लागते ती शिस्तीने घेतलेली मोजणी.

भार कमी करण्याचा, म्हणजे ऑफलोडिंगचा, उल्लेख मुद्दाम करतो, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत त्याची नोंदच नसते. तळपायाच्या संवेदनाहीन व्रणासाठी वापरले जाणारे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला सर्व बाजूंनी चपखल बसणारे प्लास्टर, भारतात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांसाठी वापरले आणि तिथून ते मधुमेही पायाच्या उपचारात जगभर गेले. गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला काढता न येणारे साधन हा अशा व्रणासाठी आजही पहिला पर्याय मानला जातो. ज्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी दत्तपूर आणि आनंदवन उभे राहिले, तिथल्या शल्यविभागांतून या विषयावर इतके थोडे लिहिले जावे, याचे मला वाईट वाटते. ‘कोणते मलम लावले’ हे प्रत्येक प्रबंधात सापडते, पण ‘रुग्ण त्या काळात किती चालला आणि पायात काय घालून चालला’ हे कुठेच सापडत नाही.

व्रणाच्या वर्गीकरणासाठी खोली आणि गँगरीन पाहणाऱ्या वॅग्नरच्या पायऱ्यांवर थांबू नका, कारण रक्तपुरवठा आणि संवेदना यांची वेगळी नोंद त्यात होत नाही. ‘सिनबॅड’ पद्धतीत व्रणाची जागा, रक्तपुरवठा, संवेदना, जंतुसंसर्ग, क्षेत्रफळ आणि खोली या सहा बाबींना प्रत्येकी शून्य किंवा एक गुण असतो. तिला कोणतेही यंत्र लागत नाही, त्यामुळे ती रात्रपाळीच्या इंटर्नलाही करता येते.

ड्रेसिंगरूम_सिस्टर यांचे उत्तर:

सरांनी मोजणीचा मुद्दा काढला म्हणून लिहिते. मी अनेक वर्षे शल्यविभागाच्या ड्रेसिंग रूमची जबाबदारी सांभाळते आहे आणि निवासी डॉक्टरांचे प्रबंध जवळून पाहिले आहेत. प्रबंधात ‘जखमेचा आकार ५ बाय ४ सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते, परंतु ती मोजणी डिब्राइडमेंटच्या आधीची की नंतरची, रुग्ण बसलेला असताना घेतली की झोपलेला असताना, आणि पुढच्या वेळी त्याच व्यक्तीने घेतली की नाही, हे कुठेच लिहिलेले नसते. स्लफ, म्हणजे मृत ऊतींचा थर, काढल्यावर जखम मोठी दिसते. पहिली मोजणी आधी आणि दुसरी नंतर घेतली, तर भरत असलेली जखमही कागदावर वाढलेली दिसेल.

आमच्याकडे जमलेली पद्धत सांगते. सलाइनने जखम धुवावी, डिब्राइडमेंट करावे, रक्त थांबेपर्यंत दाबून धरावे आणि मगच मोजावे. निर्जंतुक केलेल्या पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर जखमेवर ठेवावेत, वरच्या थरावर बारीक टोकाच्या मार्करने कड आखावी, खालचा थर टाकून द्यावा आणि वरचा थर आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजावेत. कड आखताना नव्याने येणारी त्वचा फिकट गुलाबी, जवळजवळ पारदर्शक असते. ती जखमेत धरायची की बाहेर, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवावे, कारण भरत आलेल्या जखमेत सगळा फरक त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीतच असतो. टाचेच्या वळणावर प्लास्टिकला सुरकुती पडते, तिथे लहान तुकडा घ्यावा. फोटो काढताना जखमेशेजारी कागदी पट्टी चिकटवावी, त्यावर तारीख आणि अभ्यास क्रमांक लिहावा, रुग्णाचे नाव लिहू नये. फ्लॅशमुळे ओल्या जागा पांढऱ्या चमकतात, म्हणून खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा.

दुसरी गोष्ट फॉलो-अपची. मृगाचा पाऊस पडला की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे रुग्ण पेरणीसाठी गावी जातात आणि आठवड्याला बोलावले तरी येऊ शकत नाहीत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग कोण करते, आशाताईंचा फोन लागतो का, घरी कोणाला शिकवता येईल, याची नोंद पहिल्याच भेटीत करावी. उन्हाळ्याचाही विचार ठेवावा. मे महिन्यात ड्रेसिंग घामाने भिजून दुसऱ्याच दिवशी सुटते आणि ‘आठवड्यातून दोनदा बदलावे’ असे ठरलेले ड्रेसिंग प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळा बदलले जाते. ही खरी संख्या लिहिली गेली तर खर्चाचा हिशेबही खरा निघेल.

आणि एक विनंती. प्रबंधासाठी रोज मोजणी, फोटो आणि ड्रेसिंग ज्या परिचारिका करतात, त्यांचा निदान आभारात तरी उल्लेख असावा. ज्यांनी मोजणीची पद्धत ठरवण्यात आणि लेखनात खरोखर भाग घेतला, त्यांचे नाव लेखकांत का नसावे, याचाही विचार व्हावा.

जनआरोग्य_वर्धा यांचे उत्तर:

सिस्टरांनी लिहिलेले प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावे. मी केवळ आराखड्याबद्दल लिहितो.

‘जखम भरली’ म्हणजे काय, हे आधी ठरवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००६ च्या मार्गदर्शनात पूर्ण भरण्याची व्याख्या स्पष्ट आहे: संपूर्ण जागेवर त्वचा आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही आणि दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन सलग भेटींत हीच स्थिती कायम. ‘ग्रॅन्युलेशन (जखमेत भरून येणारे नवे लाल मांस) चांगले आले’ हा निष्कर्ष पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतो, त्यामुळे तो प्रमुख निष्कर्ष म्हणून घेऊ नये. घेतलाच, तर कोणत्या रुग्णाला कोणता उपचार दिला हे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून फोटो तपासून घ्यावेत.

ज्यांचा पाय कापावा लागला किंवा जे दगावले, त्यांची जखम ‘भरली नाही’ एवढेच म्हणून चालत नाही आणि त्यांना गाळूनही चालत नाही. बारा आठवड्यांनंतर प्रत्येक रुग्णाचे काय झाले, याचा हिशेब लागला पाहिजे: भरली, भरली नाही, अवयवच्छेद, मृत्यू, संपर्क तुटला. एका रुग्णाला तीन व्रण असतील तर ते तीन स्वतंत्र रुग्ण धरू नका, कारण साखर, रक्तपुरवठा आणि चप्पल तिघांचीही एकच आहे. अभ्यासासाठी एक व्रण निवडा आणि निवडीचा नियम आधीच लिहून ठेवा.

चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही मागाहून केलेली नोंदणी स्वीकारत नाही. निरीक्षणात्मक अभ्यास आणि पदव्युत्तर प्रबंधही तिथे विनाशुल्क नोंदवता येतात आणि ते करावेच, कारण चांगली नियतकालिके नोंदणी क्रमांक पहिल्याच पानावर मागतात. एथिक्स कमिटीची मंजुरी अर्थातच त्याहून आधी. अहवाल लिहिण्यासाठी चाचणीला कन्सॉर्ट आणि निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब हे निकष आहेत. कन्सॉर्टची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे, जुनी वापरू नका. याशिवाय मधुमेही पायाच्या अभ्यासांसाठी जेफकोट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’त २१ मुद्द्यांची तपासणी यादी दिली आहे. ती अभ्यास संपल्यावर वाचण्याऐवजी सिनॉप्सिस लिहिताना शेजारी ठेवली, तर वरच्या चर्चेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

प्रतिमा_अभ्यासक यांचे उत्तर:

मी डॉक्टर नाही, नागपुरातच अभियांत्रिकीत प्रतिमा-विश्लेषणावर काम करते. धंतोलीच्या सरांशी एका मुद्द्यावर नम्रपणे असहमत आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हा वॉर्डाबाहेरचा विषय नाही. फोटोवरून जखमेची कड ओळखणाऱ्या आणि क्षेत्रफळ काढणाऱ्या प्रणाली ज्या फोटोंवर शिकवल्या जातात, त्यांत सावळ्या आणि काळ्या त्वचेचे फोटो फार कमी असतात. गोऱ्या त्वचेवर जंतुसंसर्गाची लाली सहज दिसते. आपल्या त्वचेवर तीच जागा गडद, जांभळट किंवा नुसतीच चकचकीत दिसते आणि यंत्राप्रमाणे नवखा डॉक्टरही तिथे फसू शकतो. सिस्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने, रुग्णांच्या संमतीने, आलेख कागदावरच्या मोजणीसह जमवलेला विदर्भातल्या रुग्णांचा फोटोसंग्रह ही स्वतंत्रपणे मोलाची गोष्ट ठरेल. फक्त संमतीपत्रात ‘प्रबंधासाठी’ एवढेच न लिहिता, ओळख काढून टाकलेले फोटो पुढील संशोधनासाठी वापरण्याची आणि प्रसिद्ध करण्याची परवानगी वेगवेगळी घ्यावी, म्हणजे रुग्णाला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येईल.

निवासी_नागपूर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाइड सरांशी बोललो आणि त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतले. मधुमेही व्रणांच्या पहिल्या चार आठवड्यांतील घटीचा आणि बारा आठवड्यांनंतरच्या स्थितीचा संबंध, असा निरीक्षणात्मक अभ्यास करावा आणि त्यात ऑफलोडिंगची व पादत्राणांची नोंद ठेवावी, असे ठरते आहे. प्रकाशनाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. पदोन्नतीसाठी कोणती नियतकालिके ग्राह्य धरतात, आणि त्या ईमेलचे काय करावे?

प्लास्टिकसर्जन_रामदासपेठ यांचे उत्तर:

त्या ईमेलला उत्तर देऊ नका. चार दिवसांत प्रामाणिक परीक्षण होत नाही. मी स्वतः परीक्षणाचे काम करतो. एक निबंध नीट वाचायला, आकडे पडताळायला आणि संदर्भ तपासायला काही संध्याकाळी लागतात, आणि असे किमान दोन परीक्षक मिळवायलाच संपादकाला आठवडे जातात. आयएसएसएन क्रमांक असणे ही केवळ नोंदणी आहे, दर्जाची खूण नव्हे. संपादक मंडळावर खरोखर कोण आहे, ते या विषयात काम करतात का, गेल्या वर्षभरातले निबंध वाचण्यासारखे आहेत का आणि शुल्क आधीच स्पष्ट लिहिले आहे का, एवढे स्वतः पाहा.

प्रतिष्ठित प्रकाशकाचे नाव पाहूनही निर्धास्त होऊ नये. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतून केवळ २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले आणि त्यांची मालकी असलेल्या वायली कंपनीने ते नावच बंद करण्याचा निर्णय घेतला. बनावट परीक्षण आणि पैसे घेऊन निबंध तयार करून देणाऱ्या टोळ्या, ही त्यामागची कारणे होती. जखमांच्या क्षेत्रालाही याची झळ बसली आहे. एकाच साच्यातून काढलेली मेटा-अॅनालिसिस (अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करणारे निबंध), ज्यांत फक्त शस्त्रक्रियेचे नाव बदलते आणि ‘जखमेतील संसर्गावर परिणाम’ हे शब्द तसेच राहतात, ती वाचताना फार सावध असा. रुग्णाला हातही न लावता घरबसल्या मेटा-अॅनालिसिस करून नाव छापून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मूळ चाचण्याच कच्च्या असतील तर त्यांची बेरीज पक्की होत नाही.

ग्राह्यतेबद्दल सांगतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या अध्यापक-पात्रतेच्या २०२२ च्या नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे या सूचींत समाविष्ट नियतकालिकांचा उल्लेख होता. २०२५ मध्ये नवे नियम आले आहेत, तेव्हा मित्रांच्या सांगण्यावर न जाता मूळ अधिसूचना वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून ‘यूजीसी केअरमान्य’ अशी जाहिरात आजही दिसली तर ती जुनी किंवा दिशाभूल करणारी समजावी. नियतकालिक सूचीत आहे हा त्याचा स्वतःचा दावा न मानता त्या सूचीच्या संकेतस्थळावर जाऊन शोधा. काढून टाकलेली नियतकालिके जुनी बोधचिन्हे तशीच ठेवतात.

कुठे पाठवायचे, हे तुमचा निबंध कोणी वाचावा असे तुम्हाला वाटते त्यावर ठरवा. ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’ आपल्या शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचतात. पायाच्या व्रणांसाठी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ लोअर एक्स्ट्रिमिटी वूंड्स’ आहे, आणि परिचारिकांपर्यंतही पोहोचायचे असेल तर ‘जर्नल ऑफ वूंड केअर’चा विचार करा. यांपैकी कोणाकडेही सदस्यत्वाच्या मार्गाने, म्हणजे लेखकाने शुल्क न भरता, छापून येण्याची वाट आहे की नाही, हे पाठवण्यापूर्वी तपासा. वाचनासाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून शासकीय संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. तुमच्या ग्रंथपालांकडे त्याची चौकशी करा. पुष्कळ निवासी डॉक्टरांना ते अजून माहीतच नाही.

आपल्या राज्यातून या क्षेत्रात मोलाचे लेखन झालेले आहे आणि ते साध्या साधनांवर झालेले आहे. सोलापूरहून डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली. मुंबईतून गोरे आणि अकोलेकर यांनी २००३ मध्ये ‘बर्न्स’मध्ये केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा अभ्यास मांडला. मध आणि केळीचे पान लोक पूर्वीपासून वापरतच होते. या डॉक्टरांनी त्यांची रीतसर तुलना केली, वेदना आणि भरण्याचे दिवस नोंदवले आणि जगासमोर ठेवले. मधावरच्या भाजण्याच्या चाचण्या पुढे कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र केल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच एकाच केंद्रातून आल्याची नोंद आढावा घेणाऱ्यांनी केली आणि दुसरीकडे तसेच निष्कर्ष मिळतात का, हा प्रश्न उपस्थित केला. हा प्रश्न त्या केंद्राला कमीपणा आणणारा नाही. इतर केंद्रांनी ते काम पुन्हा करून पाहायला हवे होते, आणि पुन्हा करून पाहणे हे निवासी डॉक्टरच्या प्रबंधाला अगदी शोभणारे काम आहे. नागपुरातूनही १९५८ साली शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. इथल्या लोकांत जे आढळले ते नीट नोंदवले, हेच त्या लेखनाचे बळ होते.

शेवटी दोन सूचना. लेखकांची नावे आणि क्रम आजच, काम सुरू होण्यापूर्वी, गाइड सरांसमोर लिहून ठेवा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात ठोस योगदान, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुख असणे त्यांत बसत नाही. सिस्टर हे चारही निकष पूर्ण करत असतील तर त्या लेखक आहेत. आणि तुमच्या अभ्यासात चार आठवड्यांचा नियम लागू पडला नाही असे दिसले, तरी ते तसेच छापायला पाठवा.

निवासी_नागपूर:

ईमेल काढून टाकला आहे. सिस्टर, सोमवारी ड्रेसिंग रूममध्ये येऊन आखणीची पद्धत शिकू का? सिनॉप्सिसमध्ये ती शब्दशः लिहायची आहे आणि नव्या त्वचेची कड आत धरायची की बाहेर, हे तुमच्याशी बोलूनच ठरवावे, असे गाइड सरांचेही म्हणणे आहे.

ड्रेसिंगरूम_सिस्टर:

अवश्य या, पण सकाळचा राउंड संपल्यावर या, त्या वेळी उजेड चांगला असतो. आलेख कागद आणि बारीक टोकाचा मार्कर घेऊन या. आपण दोघे एकाच जखमेची वेगवेगळी आखणी करू आणि दोन्ही क्षेत्रफळांत किती फरक येतो ते पाहू. असे निदान दहा-बारा जखमांवर करून तो फरक सिनॉप्सिसमध्येच नोंदवा.